पहिला सेट कोणता? लोकमान्य नगरच्या एका गच्चीचं प्रकरण

"दादा, चाळीस हजार बाजूला ठेवलेत. कोणता सेट घेऊ?"

हॅम रेडिओत, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायच्या रेडिओत, नव्याने येणारा माणूस बहुधा हाच प्रश्न घेऊन येतो, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर वर्षानुवर्षं तयार असायचं : पाच वॉटचा ड्युअल-बँड हँडी (दोन पट्ट्यांवर चालणारा, हातात मावणारा सेट) घ्या, बाकीचं पुढे बघू. या प्रकरणात ते उत्तर चुकलं. कसं चुकलं आणि त्याच्या जागी काय आलं ते सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण इंदुरातल्या आपल्या मराठी घरांची परिस्थिती पुष्कळशी अशीच असते. तीन मजली घर, वर घरातल्या सगळ्यांची मिळून एक गच्ची, बेताचे पैसे आणि भोवती तारांचं जाळं.

ताई लोकमान्य नगरात राहतात, शाळेत विज्ञान शिकवतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी मोजपट्टीच्या पत्र्यापासून केलेली यागी (एका दिशेला रोखायची) अँटेना घेऊन गेलो होतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जायची वेळ साधून मैदानात उभे राहिलो, आणि १४५.८२५ मेगाहर्ट्झवर त्याच्या डेटा पॅकेटचे खरखरीत तुकडे मुलांनी स्वतःच्या कानांनी ऐकले. जेमतेम दहा मिनिटांचा खेळ, पण चारशे किलोमीटर उंचीवरून आलेला आवाज हातातल्या पत्र्यात पकडता येतो हे पाहून ताईंची तेरा वर्षांची लेक घरी जाताना गप्पच होती म्हणे. महिन्याभराने दोघी माझ्याकडे आल्या. पिशवीत एक खोकं होतं.

खोक्यातला सेट

ताईंनी आधीच एक हँडी मागवला होता. विकणाऱ्याने वर्णनात "लायसन्सची गरज नाही" असं स्पष्ट लिहिलेलं. सेट सुरू करून पाहिला तर तो १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ या सगळ्या पट्ट्यात प्रक्षेपण करू शकत होता. भारतात हौशी वापरासाठी यातला १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ एवढाच भाग आहे. बाकीच्या जागी कुठे पोलीस, कुठे अग्निशमन, कुठे रेल्वे. लायसन्सशिवाय चालतात ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले अगदी कमी शक्तीचे वॉकीटॉकी. खोक्यातला सेट त्यात बसत नव्हता.

प्रक्षेपण करणारं यंत्र विनापरवाना नुसतं बाळगणं हाही आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून गुन्हा आहे. बटण दाबलं नाही म्हणून सुटका होत नाही. ताईंना हे ठाऊक नव्हतं, आणि त्यांचा त्यात दोष मी मानत नाही. खरेदीच्या पानावर जे छापलं होतं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. पुढे मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीतल्या वॉकीटॉकींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, पण ही गोष्ट त्याच्या दीड वर्ष आधीची. परत करण्याची मुदत चार दिवस शिल्लक होती. सेट त्याच संध्याकाळी परत गेला.

मग मार्ग ठरला : सरल संचार पोर्टलवर अर्ज, ॲमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर सर्टिफिकेटची परीक्षा, त्यानंतर लायसन्स आणि कॉल साईन, म्हणजे स्टेशनचं अधिकृत ओळखनाव. ताई रिस्ट्रिक्टेड दर्जाला बसणार होत्या. त्यात मोर्स नसतो, आणि एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या लघुलहरींवर, ५० वॉटची मर्यादा असते. जनरल दर्जाला मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स लागतो आणि मर्यादा ४०० वॉटवर जाते. परीक्षेला वयाची अट बारा वर्षं पूर्ण एवढीच असल्याने लेकीचंही नाव निघालं, पण तिची वार्षिक परीक्षा तोंडावर होती म्हणून ते पुढे ढकललं. अर्ज, परीक्षा, चौकशी आणि लायसन्स यांत महिने जातात. हे महिने आपल्या उपयोगाचे आहेत हे मला त्या वेळी नीट उमगलं नव्हतं. मी ताईंना एवढंच म्हणालो की तोवर वाचा, अभ्यास करा, लायसन्स आलं की पाच वॉटचा चांगला हँडी घेऊ.

कुणाशी बोलायचंय?

ताईंनी विचारलेल्या एका प्रश्नाने माझं उत्तर डळमळलं. "पण या हँडीवरून मी बोलणार कुणाशी?"

मी तोपर्यंत कुणालाच हे विचारलं नव्हतं. सेट, वॉट, बँड यांच्याबद्दल बोललो होतो, माणसांबद्दल नाही. ताईंचं माहेर ग्वाल्हेरचं, नणंद वडोदऱ्याला, दीर पुण्यात, मामेबहीण नागपुरात. यातल्या कुणाकडे लायसन्स नाही, त्यामुळे त्यांच्याशी रेडिओवर बोलता येणार नव्हतं. हौशी रेडिओवर परवानाधारकच परवानाधारकाशी बोलतो, आणि तोही घरगुती निरोप पोचवण्यासाठी नव्हे. ताईंना ते मान्य होतं. त्यांना त्या गावांतला आवाज हवा होता, तिथले हॅम. "ग्वाल्हेरचा माणूस मराठी बोलला की मला दोन वाक्यांत कळतं," असं त्या म्हणाल्या.

आम्ही नकाशा काढला. इंदुरापासून सरळ रेषेत वडोदरा सुमारे २८० किलोमीटर, नागपूर ३७५ च्या आसपास, ग्वाल्हेर ४५० च्या थोडं पुढे, पुणे आणि मुंबई दोन्ही ५०० ला टेकलेली. इंदूर मध्यावर धरून पाचशे-सव्वापाचशेच्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं की आपल्या लोकांची बहुतेक जुनी ठाणी त्यात येतात.

आता हँडीचं काय? १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळपास नजरेच्या रेषेत जातात. रेडिओ क्षितिजाचं ढोबळ सूत्र असं : अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले ४.१२, उत्तर किलोमीटरमध्ये. दोन्ही टोकांचे आकडे मिळवायचे. सपाट जमिनीवर हँडी घेऊन उभी असलेली दोन माणसं साधारण दहा किलोमीटरवर एकमेकांना हरवतात, आणि मध्ये इमारती असल्या तर त्याच्याही कितीतरी आधी. बारा मीटर उंचीवर अँटेना लावली तर जमिनीवरच्या माणसापर्यंत एकोणीस. म्हणजे महूसुद्धा काठावरच.

महूचं नाव इथे नुसतं अंतरासाठी घेत नाही. १५ मे १९४८ रोजी महूच्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये ॲमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया सुरू झाला. त्याचंच मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं आणि १९५४ पासून तो ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाला. देशातल्या संघटित हॅम रेडिओचा हा उगम आपल्या घरापासून रस्त्याने तेवीस-चोवीस किलोमीटरवर आहे, आणि इंदुरातल्या फार थोड्या मुलांना ते माहीत असतं. लेकीने ते पाठ्यपुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

पाचशे किलोमीटरचं वर्तुळ हवं असेल तर लहर वरून परतली पाहिजे, आयनावरणातून. दिवसा त्यासाठी सगळ्यात भरवशाचा बँड म्हणजे ४० मीटर (लहरीच्या लांबीवरून पडलेलं नाव), ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. तो रिस्ट्रिक्टेड दर्जालाही खुला आहे. पण हे सगळं कागदावर होतं. ताईंच्या गच्चीवर यातलं काय ऐकू येतं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सेटचा विषय बाजूला ठेवून आधी ऐकायचं ठरलं.

दोन महिन्यांची वही

पहिली खरेदी जानेवारी २०२४ मध्ये झाली. संगणकाला लावायचा एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) डोंगल, ४,२०० रुपये. हा फक्त ऐकतो, बोलत नाही. म्हणून लायसन्स यायच्या आधीही हौशी बँड ऐकायला याहून सोयीचं साधन नाही. पडद्यावर अख्खा बँड एकदम दिसतो, कुठे कोण बोलतंय ते रंगीत धारेसारखं खाली वाहत जातं. पंचवीस वर्षांपूर्वी मी एकेक किलोहर्ट्झ बोटाने फिरवत शोधायचो, ते लेकीला पहिल्याच संध्याकाळी डोळ्यांनी दिसलं. याचा मला मनापासून आनंद झाला.

गच्चीवर आठ मीटर साधी वायर तात्पुरती बांधली, वहीत रकाने आखले : तारीख, वेळ, बँड, काय ऐकू आलं, किती स्पष्ट. आठ दिवस १४४ ते १४६ वर कान लावला. मोजून चार वेळा माणसाचा आवाज आला. दुसऱ्या एखाद्या शहरात, जिथे रिपीटर (आलेला आवाज पुन्हा जोराने पुढे पाठवणारं केंद्र) रोज गजबजलेला असतो, हाच आकडा चाळीस निघाला असता आणि मग माझं जुनं उत्तर बरोबर ठरलं असतं. ताईंच्या गच्चीवर ते बरोबर नव्हतं, आणि हे कळायला खर्च आला डोंगलचा.

४० मीटरची पानं वेगळी निघाली. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान हिंदी, गुजराती, मराठी, इंग्रजी सगळे आवाज. दुपारी ओसरलेलं, संध्याकाळी पुन्हा भर. रात्री जवळचे आवाज अचानक गायब होऊन लांबचे परदेशी यायचे. यावर लेकीने विचारलं, जवळचा माणूस आधी का नाहीसा होतो? कारण सूर्य गेल्यावर आयनावरणाचा वरचा थर विरळ होतो. जवळच्या गावाकडे लहर जवळजवळ उभी वर जाऊन उभीच खाली यावी लागते, आणि विरळ थर ती भेदून जाऊ देतो. तिरप्या कोनाने गेलेली लहर मात्र अजून परतते, पण ती पडते लांब. ७.०७४ वर एफटी८ नावाचं डिजिटल बोलणं चालतं, ते मोफत प्रोग्रॅमने उलगडलं की कॉल साईनसोबत जगाच्या नकाशातल्या चौकोनाचं नाव मिळतं. इंदूरचा चौकोन एमएल७२. लेकीने भिंतीवर नकाशा लावून टाचण्या टोचायला सुरुवात केली.

पण सकाळचे आवाज खरखरीत बुडत होते. मराठी आहे एवढं कळायचं, वाक्य लागायचं नाही. इथून पुढचे सहा आठवडे आम्ही सेटबद्दल एक शब्दही बोललो नाही. हा या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग.

लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर घेतला आणि घराचा मेन स्विच पाडला. पडद्यावरची नॉइजची पातळी चटकन खाली आली, पण पूर्ण नाही. म्हणजे निम्मा त्रास घरचा, निम्मा बाहेरचा. मग एकेक एमसीबी वर करत गेलो. जिन्यातले चार स्वस्त एलईडी बल्ब लागले की खरखर उसळायची. वाय-फायच्या राउटरचा ॲडॅप्टर दर काही किलोहर्ट्झवर एकेक काटा उभा करायचा. महाराणी रोडवरून दुसऱ्या बनावटीचे बल्ब आणले. दुकानदाराला आधी दोन घेऊन घरी तपासून बघतो म्हटल्यावर तो म्हणाला, "ले जाओ भिया, नी जमे तो वापस कर देना." ते शांत निघाले. ॲडॅप्टर बदलला. सगळ्याला मिळून सहाशेच्या आसपास खर्च, आणि पातळी आठ डेसिबलने उतरली.

उरलेला बाहेरचा. तो ताईंच्या वहीने पकडला. त्यांच्या लक्षात आलं की ही दुसरी खरखर सूर्य वर आल्यावर सुरू होते, ढग आला की डगमगते आणि दिवेलागणीला संपते. शेजारच्या गच्चीवर सोलर पॅनल आहेत, त्यांचा इन्व्हर्टर. मी स्वतः हे आठवडाभर शोधत होतो आणि मला सुचलं नव्हतं. शेजाऱ्यांना सोलर बंद करा म्हणण्यात अर्थ नाही, ते चांगलंच काम करताहेत. आपली अँटेना त्या भिंतीपासून लांब न्यायची, आणि केबलच्या बाहेरच्या जाळीवरून खरखर घरात येऊ नये म्हणून अँटेनाच्या मध्याशी चोक लावायचा : जाड फेराइट कड्यातून केबलचे बारा वेढे.

अक्षय्य तृतीया

गच्ची पंधरा मीटर लांब, नऊ रुंद. ४० मीटरच्या हाफ-वेव्ह डायपोलची (अर्ध्या लहरीएवढी, मध्यातून केबल जोडलेली वायर) लांबी काढायची तर १४३ भागिले मेगाहर्ट्झ, म्हणजे ७.१ साठी वीस मीटर. सरळ बसणं शक्यच नाही. कर्ण साडेसतरा मीटर भरला. म्हणून मध्य उंच आणि दोन्ही टोकं खाली, उलट्या व्ही अक्षरासारखा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, टोकं जरा खाली वळवून. पूर्वेच्या गल्लीत विजेच्या तारा आहेत. बांबू मोडला तरी वायर गच्चीतच पडली पाहिजे, तिकडे नाही, हे आधी दोरीने मोजून पाहिलं. ही मोजणी कुणी टाळू नये. अँटेना विजेच्या तारेवर पडून माणसं दगावतात.

खरी अडचण घरातून आली. मे महिना म्हणजे कुरडया-पापडांचा. ताईंच्या सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं की मधोमध बांबू आणि चारी बाजूंना ताणलेल्या दोऱ्या असतील तर साड्या अंथरायच्या कुठे? सासरे, म्हणजे आप्पा, वायर पडून कुणाला लागेल या काळजीत. दोघांचंही बरोबर होतं. शेवटी बांबू जिन्याच्या खोलीच्या छपरावर उभा केला, त्याच्या ताणदोऱ्या त्या छपरालाच बांधल्या, गच्चीचा मधला भाग मोकळा राहिला. बांबूचं टोक गच्चीपासून सहा मीटरवर, डायपोलची टोकं माणसाच्या डोक्याच्या वर. आप्पांनी स्वतः पीव्हीसी पाइपचे तुकडे कापून इन्सुलेटर केले आणि त्यांना भोकं पाडून दिली.

१० मे २०२४, अक्षय्य तृतीया. संध्याकाळी आमरस-पुरी झाल्यावर वायर वर चढवली. दोन्ही बाजू मुद्दाम जास्त लांब, १०.४ मीटर ठेवल्या होत्या. माझा नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) लावून बघायचं, थोडं कापायचं, पुन्हा वर चढवायचं. प्लॅस्टिकच्या आवरणाची घरगुती वायर सूत्रापेक्षा थोडी आखूड लागते, टोकं खाली आली की आणखी थोडी. ९.८ मीटरवर थांबलो. एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली त्याचं माप, एकाच्या जितकं जवळ तितकं बरं) १.३. रात्री उशीर झाला होता. सकाळी सातला ऐकायचं ठरवून मी घरी गेलो.

सकाळी ताईंचा फोन. "दादा, काहीच नाही. बँड मेलाय."

मी म्हणालो कनेक्टर पाहा, जाळीचा एखादा धागा मधल्या पिनेला लागला असेल. त्यांनी तो पीएल-२५९ कनेक्टर काढून पुन्हा डाग दिला (सोल्डर केला). काही नाही. पुन्हा दिला. तिसऱ्यांदाही. मी जाऊन मापं घेतली तर अँटेना रात्रीइतकीच ठीक. तेव्हा कुठे मी सूर्याची स्थिती पाहिली. आदल्या रात्रीपासून पृथ्वीवर गेल्या वीस वर्षांतलं सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ चालू होतं. लडाखमध्ये हानलेला आकाश लाल झालं ते त्याच रात्री. त्यावर भर म्हणून सकाळी ६ वाजून ५३ मिनिटांनी एक्स ५.८ दर्जाची सौरज्वाळा. आम्ही बँड ऐकायला बसलो त्याच्या सात मिनिटं आधी. ज्वाळेच्या क्ष-किरणांनी आयनावरणाचा खालचा थर दाट होतो आणि तो एचएफच्या लहरी गिळून टाकतो.

दोन दिवसांनी त्याच वायरवर, त्याच तीनदा डाग दिलेल्या कनेक्टरवर ग्वाल्हेरचा आवाज आला. ताईंनी खरंच दोन वाक्यांत ओळखला. त्या सकाळी त्यांच्याकडे लाखाचा नवा सेट असता तर आम्ही तो खराब समजून दुरुस्तीला पाठवला असता, अशी मला खात्री वाटते.

चोक आणि बदललेली जागा यांनी नॉइज आणखी दहा डेसिबलने उतरला. मॉन्सूनच्या आधी अर्थिंगचा रॉड ठोकला, आणि कडकडाट सुरू व्हायच्या आधी केबल काढून खिडकीबाहेर टांगायची सवय घरात सगळ्यांना लावली. माळव्यात जूनमधल्या विजा काय असतात हे इथल्या माणसाला सांगायला नको.

आता सेट

लायसन्स ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं. वीस वर्षांचं, एक हजार रुपये शुल्काचं, व्हीयू३ ने सुरू होणारा कॉल साईन. आता कुठे पहिला प्रश्न पुन्हा पुढे आला, आणि तोवर त्याचं निम्मं उत्तर गच्चीने दिलं होतं.

एका जुन्या, अनुभवी मित्राचं मत होतं की १०० वॉटचा पूर्ण सेट एकदाच घ्यावा, पैसे कमी पडले तर थांबावं. या मताला वजन आहे. असा सेट वर्षानुवर्षं टिकतो, विकायला काढला तर किंमत येते, गाळण्या (फिल्टर) उत्तम असतात, आणि उद्या जनरल दर्जा मिळाला तर बदलावा लागत नाही. ज्याचे पैसे तयार आहेत आणि ज्याने आपली गच्ची ऐकून पाहिली आहे त्याला मीही हेच सांगेन. पण ताईंना आज ५० वॉटच्या पुढे जाता येत नव्हतं. १०० वॉटला वीस अँपिअरचा वीजपुरवठा लागतो, आणि स्वस्त एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा) घेतला तर आम्ही सहा आठवडे खपून हाकललेली खरखर पुन्हा टेबलावर येऊन बसण्याची भीती.

मग डेसिबलचा हिशेब मांडला. १० वॉटवरून ५० वॉटवर गेलं तर समोरच्याला आपण ७ डेसिबलने जास्त ऐकू येतो. सिग्नल मीटरवर जेमतेम एक एस-युनिट, म्हणजे एक घर, वर. बल्ब, ॲडॅप्टर, चोक आणि जागा यांनी ताईंच्या कानाला १८ डेसिबल दिले होते, म्हणजे साठपट फरक, आणि खर्च दोन हजाराच्या आत. हे दोन आकडे एकमेकांच्या बदल्यात चालत नाहीत हे खरं. एक बोलण्याचा, दुसरा ऐकण्याचा. पण नवखा माणूस पहिल्या वर्षात बोलण्यापेक्षा ऐकण्यातच अडतो. उत्तर आलेलं असतं, त्याला ते खरखरीतून काढता येत नाही.

निवड झाली ती यूबिटेक्सची. अश्हर फरहान यांनी २००३ मध्ये बिटेक्सची रचना सगळ्यांसाठी खुली केली. तिच्याच घराण्यातला हा दहा वॉटचा एचएफ सेट, हैदराबादेत घडलेला. एका परवानाधारकाकडे न वापरलेला संच होता. दोघांचे लायसन्स क्रमांक लिहून, विक्रीचा कागद करून तो १२,००० रुपयांत घेतला. त्यात अँटेना ट्यूनर नाही, पण आमचा डायपोल नीट बसलेला असल्याने तो लागणारही नव्हता. प्रक्षेपणाला दोन-अडीच अँपिअर पुरतात, म्हणून वीस अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी घेतली. वीजपुरवठ्याची खरखर नाही आणि लाइट गेली तरी स्टेशन चालू. सर्किटची आकृती हाताशी असल्याने लेक प्रत्येक भाग बोटाने दाखवून विचारते, हे काय करतं? बंद डब्यातल्या महागड्या सेटने हे दिलं नसतं. माझ्यासाठी या निवडीतलं सर्वांत मोठं कारण हेच होतं, हे कबूल करतो.

वहीत सगळा खर्च आहे : वायर, बांबू, दोऱ्या १,९००; वीस मीटर आरजी-५८ केबल कनेक्टरसह १,७००; फेराइट १,१००; अर्थिंग ९००; बॅटरी आणि चार्जर ८,५००. डोंगल, बल्ब आणि सेट धरून ३०,९००.

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ताईंनी पहिल्यांदा स्वतःचा कॉल साईन उच्चारला. तिसऱ्या हाकेला वडोदऱ्याहून उत्तर आलं. पाच-सात रिपोर्ट (शब्द पूर्ण स्पष्ट, आवाज बऱ्यापैकी जोरात), आणि दहा वॉट ऐकल्यावर त्या काकांनी पुन्हा विचारलं, "किती म्हणालात?" आप्पा दारात उभे राहून ऐकत होते. पुढचे जवळजवळ तीन महिने दर रविवारी ताई बसल्या; मार्चअखेर वहीत एकेचाळीस संपर्क, त्यातले सव्वीस नकाशावरच्या त्या वर्तुळातले. मध्येमध्ये असेही रविवार गेले की दहा वॉट कुणाच्याच कानावर पडले नाहीत. गर्दीच्या नेटमध्ये (ठरल्या वेळी एकाच जागी जमणाऱ्या हॅमच्या बैठकीत) कमी शक्तीच्या माणसाला थांबावं लागतं, आणि ताईंना ते कधीकधी जड जातं. पन्नास वॉटचा सेट पुढे कधीतरी येईल. अँटेना, केबल, चोक आणि बॅटरी यांतलं काही टाकून द्यावं लागणार नाही.

उरलेले नऊ हजार शंभर अजून पाकिटात आहेत. आता हँडी कायदेशीरपणे घेता येईल, आणि अंतराळ स्थानकावरच्या रिपीटरमधून बोलायचंय हे लेकीने ठरवूनच टाकलंय : वर १४५.९९० वर ६७ हर्ट्झच्या टोनसह, खाली ४३७.८०० वर. गच्चीवरची आरजी-५८ त्या कामाला चालणार नाही. ७ मेगाहर्ट्झवर तिच्यात एक डेसिबलही जात नाही, पण १४५ वर तेवढ्याच लांबीत निम्म्याहून जास्त शक्ती केबलच खाते, आणि ४३७ वर त्याहूनही बरीच जास्त. म्हणून हातातली यागी आणि दीड मीटरची केबल, प्रदर्शनातल्यासारखीच. मोजपट्टी ती स्वतः कापणार आहे. तिने परीक्षेचा अर्ज भरलाय. हँडी तिच्या कॉल साईनवर घ्यायचा असं घरात ठरलं. तोवर ती १४५.८०० वर नुसतं ऐकते, आणि स्थानक कोणत्या दिशेने उगवलं, कोणत्या दिशेला बुडालं ते रकान्यात लिहून ठेवते.